नोंदवही कुणाच्या मालकीची?

स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थांच्या बैठकांत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते : "ताई, सगळं क्लाऊडवर आहे." बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत गेली काही वर्षे ज्या ज्या संस्थांबरोबर मी काम केले, त्या जवळजवळ सगळ्याच आता क्लाऊडवर गेल्या आहेत. म्हणजे नोंदी कपाटात नाहीत, कचेरीतल्या संगणकातही नाहीत. कुठल्या तरी कंपनीच्या दूरवरच्या यंत्रांवर आहेत. निमगाव केतकीची कार्यकर्ती फोनवर लिहिते, त्याच क्षणी पुण्यातल्या कचेरीत ते दिसते. एकाच तक्त्यात पाचजणी एकदम लिहू शकतात. यालाच आता 'कामाचा विस्तार' म्हटले जाते. हा विस्तार नेमका कशाचा झाला, याचा हिशेब आपण एकदा मांडायला हवा, कारण तो मांडण्याआधीच आपण टाळ्या वाजवून मोकळ्या झालो आहोत.

माझे यंत्राशी भांडण नाही. बारामतीहून भवानीनगर, सणसर, अंथुर्णे करत एसटीने इंदापूर गाठायचे म्हणजे अर्धा दिवस जातो. पूर्वी महिनाअखेरीला रजिस्टरे पिशवीत घालून कार्यकर्त्या बारामतीला यायच्या, तो हेलपाटा वाचला. कोर्टाच्या तारखा, शासन निर्णय, अर्जांचे नमुने, कोणत्या दवाखान्यात कोणत्या वारी डॉक्टर असतात, शिबिराला कोण जाणार, एवढे सगळ्याजणींना एका जागी मिळते, हे चांगलेच आहे. त्याबद्दल वाद नाही.

वाद बाईच्या नोंदीचा आहे.

बारामतीत क्लाऊड आला तो आधी उसात. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेवर उसाचा प्रयोग केला. शेतातला ओलावा, हवामान, उपग्रहाने टिपलेली पिकाची छायाचित्रे एकत्र करून शेतकऱ्याला पाणी आणि खताचा सल्ला फोनवर मिळू लागला. २०२५ साली मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याचे जाहीर कौतुक केले आणि बारामतीचे नाव जगभर गेले. ट्रस्ट हीसुद्धा नफ्यासाठी नसलेली संस्थाच. तिने तंत्र वापरून काम वाढवले, तर तुम्ही का नाही, असे आम्हांला तेव्हापासून वारंवार विचारले जाते. उत्तर साधे आहे. उसाला भावकी नसते. उसाच्या मुळाशी किती ओल आहे हे चार लोकांना कळले म्हणून रात्री कुणी उसाला मारत नाही.

आता समुपदेशन केंद्राचा तक्ता पाहा. बाईचे नाव, वय, जात, माहेर, सासर, नवऱ्याचा धंदा, मुले किती, हिंसेचा प्रकार, नवऱ्याचा संशय कुणावर, गर्भपात झाला का, कोणती तपासणी केली, पोलिसांत गेली का, समझोता झाला का. जे तिने सख्ख्या बहिणीला सांगितले नाही ते एका ओळीत, अठ्ठावीस रकान्यांत भरलेले असते. हा तक्ता कार्यकर्ती पाहते, समन्वयक पाहते, पुण्याची कचेरी पाहते, 'एमआयएस'वाला मुलगा पाहतो, पैसे देणाऱ्या कंपनीचा देखरेख करणारा माणूस पाहतो. पुष्कळदा तर लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला उघडेल, अशीच व्यवस्था असते, कारण प्रत्येकीला वेगळी परवानगी देण्याइतका वेळ कुणाला नसतो.

हरकत घेतली की उत्तर मिळते, "नावं काढून टाकली आहेत, कोड नंबर दिलाय." शहरातल्या माणसाला हे पटते. समजा, नोंदीत एवढेच आहे : अमुक गाव, वय सव्वीस, दोन मुली, नवरा कारखान्यावर स्लिप बॉय, माहेर करमाळ्याचे. दीड हजार वस्तीच्या गावात अशा बायका किती असतील? चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत नाव निघेल. गावात बाई नावाने ओळखली जातच नाही. ती कुणाची सून, कुणाची लेक, कुठल्या वस्तीवरची, अशीच ओळखली जाते. म्हणजे नाव खोडून आपण नेमके तेच शिल्लक ठेवतो, ज्यावरून गाव तिला ओळखते.

दुसरी गोष्ट फोनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी आपण कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. पुरुषांत हेच प्रमाण ६० टक्क्यांच्या वर होते. खेड्यातल्या स्त्रियांचे त्याहून कमी. आपली कार्यकर्तीही याच घरांतून येते. तिचा फोन 'तिचा' असतो म्हणजे काय? मुलाने तो घेतलेला असतो, खाते मुलानेच उघडून दिलेले असते, रिचार्ज नवरा मारतो. बाईच्या पाठीवरचे वळ तिने पुरावा म्हणून टिपले, की ते छायाचित्र फोनच्या गॅलरीत जाते आणि तिथून, कुणी काही न करता, ज्याच्या खात्यावर फोन चालतो त्याच्या साठ्यात जाऊन पडते. ते खाते मुलाचे असेल तर मुलाच्या. संस्थेने प्रशिक्षणात तक्ता कसा भरायचा हे दोन दिवस शिकवले. हे कुणी सांगितले नाही.

आणि ज्या बाईची ही नोंद, तिला यातले काय दिसते? काहीच नाही. तिच्यापुढे कागद येतो, 'इथं सही करा.' याला आपण संमती म्हणतो. नवऱ्याच्या नावावर जमीन करून देताना तिची जी संमती घेतात, तिच्यात आणि हिच्यात फरक किती?

आता विस्ताराकडे येऊ. एका प्रकल्पात मी पाहिले आहे : कामाची गावे बारावरून चाळीसवर गेली, डॅशबोर्डवर नकाशा हिरवागार झाला, कार्यकर्त्या मात्र चार होत्या त्या चारच राहिल्या. पूर्वी ती एका बाईकडे चार वेळा जाई, आता एकदा जाते आणि तीन वेळा फोन करते, कारण रकान्यात 'संपर्क' एवढेच विचारले आहे. प्रकरणाच्या शेवटी दोनच पर्याय आहेत, 'प्रलंबित' किंवा 'निकाली'. बाई सासरी परत गेली की प्रकरण निकाली. आठ महिन्यांनी ती पुन्हा मार खाऊन आली की नवा क्रमांक, नवी लाभार्थी. म्हणजे संस्थेचे काम वाढले! मार खाणे दोनदा आणि यशही दोनदा मोजले जाते. याला विस्तार म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

रकाना कुणी आखला यावर बाईचे अस्तित्व ठरते, हे आपल्या चळवळीला नव्याने सांगायला नको. १९८० च्या दशकात संगमनेर भागातून परित्यक्तांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा लढाई हीच होती : विवाहित, विधवा, घटस्फोटित यांपैकी कशातच न बसणाऱ्या बाईला शिधापत्रिकेवर जागा हवी होती. आज पुन्हा तेच. 'लाडकी बहीण' योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि बाईबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. ओरड झाल्यावर विधवा आणि घटस्फोटितांसाठी दाखला देण्याची वाट काढली. टाकून दिलेल्या बाईने कोणता दाखला आणायचा? नवरा मेला नाही, घटस्फोट झाला नाही, आणि ओटीपी त्याच्या फोनवर येणार. सरकारला आपण याचा जाब विचारतो, विचारलाच पाहिजे. पण आपल्या संस्थांच्या तक्त्यांत 'परित्यक्ता' हा पर्याय आहे का, हे जरा उघडून पाहावे. मी पाहिलेल्या दोन तक्त्यांत नव्हता. ते इंग्रजीत होते आणि 'मॅरिटल स्टेटस'खाली 'सेपरेटेड' लिहिले होते, जणू ती आणि तो समजुतीने वेगळे झाले.

अंगणवाडीच्या ताईंची आठवण इथे दिल्यावाचून राहवत नाही. २०२१ साली पोषण ट्रॅकर नावाचे ॲप त्यांच्यावर आले, इंग्रजीत. सरकारने दिलेल्या कमी ताकदीच्या फोनवर ते चालेना. राज्यभर त्यांनी ते फोन सरकारला परत केले. आपण सगळ्यांनी पाठिंब्याची पत्रके काढली. भाषा आमची हवी, फोन चालणारा हवा, जादा कामाचा मोबदला हवा, या त्यांच्या मागण्या आपल्याला रास्त वाटल्या. मग आपल्याच कार्यकर्तीकडून तिच्या घरच्या फोनवर, तिच्या रिचार्जवर, रात्री स्वयंपाक आवरल्यावर नोंदी भरून घेताना ते पत्रक कुठे जाते? सरकारी कर्मचारी नाही, संघटना नाही, सहा हजारांचे मानधन. ती फोन परत कुणाला करणार?

संस्थांचे म्हणणे मी ऐकले आहे. पैसे देणारा मागतो, त्याला नाही कसे म्हणायचे? अडचण खरी आहे. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० साली बदल झाला. एका संस्थेने तो निधी दुसरीला देणे बंद झाले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. तालुक्यातल्या लहान संस्था मोठ्यांच्या आधाराने तग धरून होत्या, त्या उघड्या पडल्या. अशा वेळी गुगल आणि मायक्रोसॉफ्ट संस्थांना फुकट किंवा स्वस्तात साधने देतात, म्हणून ती घेतली जातात. तीही नोंदणीकृत संस्थांनाच. वस्तीवरच्या महिला मंडळाला नाहीत. आणि फुकटाचे काय होते तेही पाहिले. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५ पासून संस्थांना मोफत मिळणारी काही साधने बंद केली आणि 'आता विकत घ्या किंवा साध्यावर भागवा' म्हणून कळवले. आपल्या सगळ्या नोंदी ज्याच्या घरी ठेवल्या, तो उद्या भाडे मागणार हे गृहीत धरूनच चालायला हवे.

कागद तरी कुठे सुरक्षित होता, असाही प्रश्न येतो. नव्हताच. वाळवी लागायची, कपाटाची किल्ली शिपायाकडे असायची. पण कपाट फोडायला रात्री कुणाला तरी यावे लागायचे, आणि फुटलेले कपाट सकाळी दिसायचे. लिंक उघडली गेल्याचे कुणाला दिसते?

देवाणघेवाणीची खरी गरज कुठे आहे, तेही सांगते. दिवाळीच्या सुमारास बीडहून ऊसतोड टोळ्या सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी या कारखान्यांच्या हद्दीत उतरतात. त्यांत सातव्या महिन्याच्या बाया असतात. गावी झालेली तपासणी, रक्त किती, लस झाली का, यातले इथे कुणालाच ठाऊक नसते. बीडची संस्था आणि इंदापूरची संस्था यांनी एकमेकींशी नोंद जोडली तर एखादे बाळंतपण फडावर होण्यापासून वाचेल. पण त्यासाठी अठ्ठावीस रकाने लागत नाहीत. बाईच्याच हातात कार्ड, तिच्या परवानगीने दोन कार्यकर्त्यांत एक फोन, आणि हंगाम संपला की ती नोंद पुसलेली. शासनाला हलवायचे तर आकडे पुरतात. २०१९ मध्ये बीडच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे पुढे आले आणि सगळा महाराष्ट्र हादरला. एकीचेही नाव छापावे लागले नाही.

म्हणून आमच्या तालुक्यांतल्या आम्ही काहीजणींनी आपापल्या संस्थांपुढे लेखी मागणी ठेवली आहे. बाईची कहाणी तक्त्यात जाणार नाही, ती कार्यकर्तीच्या वहीत आणि कुलुपात राहील. वर जातील ते फक्त आकडे, तेही तालुक्याचे, गावाचे नाहीत. कामासाठी वेगळा फोन आणि रिचार्ज संस्था देईल. तक्ता मराठीत असेल आणि त्यात कोणते रकाने असावेत हे ठरवताना कार्यकर्त्या बसतील. बाईने 'माझं लिहिलेलं काढून टाका' म्हटले तर त्याच आठवड्यात ते निघेल. हे आमचे हट्ट नाहीत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ सालचा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होण्याच्या आहेत. संमती मागताना माहिती मराठीत मिळणे आणि दिलेली संमती मागे घेणे हे दोन्ही बाईचे हक्क त्यात लिहिलेले आहेत. ट्रस्ट आणि सोसायट्या त्यातून सुटलेल्या नाहीत.

मार्चअखेरच्या अहवालांची घाई सुरू होण्याआधी प्रत्येक संस्थेने आपले जुने तक्ते उघडून पाहावेत. कोणता प्रकल्प कधी संपला, नोकरी सोडून गेलेल्या किती जणांकडे अजून परवानगी आहे, बाहेरच्या कुणाकुणाच्या नावावर ती आहे, याची यादी करावी आणि ती कार्यकर्त्यांच्या बैठकीत मोठ्याने वाचावी. तीन वर्षांपूर्वी बंद झालेल्या एका प्रकल्पाचा तक्ता गेल्या महिन्यात माझ्यासमोर एका मैत्रिणीच्या फोनवर उघडला. तिने ती संस्था कधीच सोडली आहे. दोनशेच्या वर बायका त्यात आहेत, त्यांतल्या काही आजही त्याच घरांत नांदतात.