उपासाचं ताट आणि उदयनगरची सिस्टर



उपवासकाळ आला की आपल्या घरांत ताटाची चर्चा सुरू होते. कोणी मटण सोडतं, कोणी चहा, तर कोणी जलेबी. आमच्या माळव्यात, देवास काय आणि धार काय, सकाळ उजाडते ती पोहे, शेव आणि वरून भुरभुरलेल्या जिरावनाने. त्यामुळे इथे जलेबी सोडणं हादेखील मोठा त्याग समजला जातो! पण शुक्रवारी मटण नाही म्हणून पनीरची भाजी, तळलेले पापड आणि वर गोड शिरा असा बेत जमला, की ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्यालाही लागू पडते.

मंडळातले लोक हल्ली विचारतात, उपवासकाळात कोणता सिनेमा पाहावा, कोणतं पुस्तक वाचावं? माझ्या मते देवासबद्दलची एक जोडी आहे. पुस्तक आहे ई. एम. फॉर्स्टर यांचं ‘द हिल ऑफ देवी’, 1953 साली प्रसिद्ध झालेलं. फॉर्स्टर 1921 मध्ये देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचे खासगी सचिव होते. थोरली आणि धाकटी अशी दोन संस्थानं एकाच गावात नांदत होती. धार-देवासला मराठी आली ती या पवारांबरोबर, म्हणून हे पुस्तक आपल्या लोकांनी जरूर वाचावं. त्यात गंमत आहे, माया आहे, गोकुळाष्टमीच्या उत्सवाचं मोठं वर्णन आहे. पण हे देवास राजवाड्यातून दिसलेलं आहे.

दुसरं देवास दाखवतो तो 2023 चा ‘द फेस ऑफ द फेसलेस’ हा सिनेमा. शैसन पी. ऊसेफ यांनी तो दिग्दर्शित केला आणि विन्सी अलॉशियस यांनी सिस्टर राणी मारिया यांची भूमिका केली. केरळात जन्मलेल्या या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट सिस्टर 1992 मध्ये देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांना त्यांनी बचत शिकवली, सरकारी योजना मिळवून दिल्या, सावकाराच्या कर्जातून बाहेर पडण्याची वाट दाखवली. ज्यांचं नुकसान झालं ते चिडले. 25 फेब्रुवारी 1995 रोजी, इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये, इतर प्रवाशांदेखत त्यांना भोसकून मारण्यात आलं. त्या 41 वर्षांच्या होत्या. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये त्यांना धन्य घोषित करण्यात आलं.

त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी 2002 मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ही क्षमा ख्रिस्ताच्या क्रुसाजवळची आहे. ऐकून डोळे भरून येतात आणि यावेत.

माझं म्हणणं यापुढचं आहे. सिनेमा संपल्यावर आपण क्षमेबद्दल बोलतो आणि घरी जातो. ज्या कारणासाठी सिस्टर मेल्या ते कारण मात्र खुर्चीवरच राहतं. पेरणीला उसने घेतलेले पैसे, मळणी झाल्यावर धान्यातून आधी सावकाराचा वाटा आणि उरलेल्या मक्यावर घरच्यांचं वर्ष. हा मुळात ताटाचाच प्रश्न होता. आपण सावकाराला क्षमा करायला नेहमी तयार असतो, कारण आपल्याला त्याचं काही देणं नसतं. कर्जात बुडालेल्याचा हात धरायला खिशात हात घालावा लागतो.

यशयाचा 58 वा अध्याय उपासाबद्दलच आहे. मान खाली घालून बसणं देवाला पुरेसं वाटत नाही. जोखड मोडावं आणि भुकेल्याला आपल्या घासात वाटेकरी करावं, असं तो मागतो. सिस्टर राणी मारिया यांनी हा अध्याय जगून दाखवला, असं मला वाटतं.

म्हणून एक साधी सूचना. या चाळीस दिवसांत जे काही ताटातून सोडाल, त्याची रोजची किंमत एका डब्यात टाका. वीस रुपयांची जलेबी असेल तर वीसच. पास्काच्या सणाला त्या पैशाचे नवे कपडे घेऊ नका. आपल्याच मंडळात कोणी आजारपणासाठी किंवा लग्नासाठी व्याजाने पैसे काढले असतील. ते स्वतः सांगणार नाहीत. फादरांना किंवा पाळकांना हळूच विचारा आणि नाव न कळू देता तो डबा तिकडे पोचवा. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने दान आणि उपास, दोन्ही गुप्तपणे करायला सांगितलं आहे.

आणि सिनेमा जरूर पाहा, सहकुटुंब पाहा. संपल्यावर मुलांना एवढंच विचारा: सिस्टर का मेल्या? उत्तर ‘क्षमेसाठी’ असं आलं, तर पुन्हा एकदा पाहा.

प्रभू आपल्या ताटाला आणि ताटापासून दूर असलेल्या प्रत्येकाला आशीर्वाद देवो. आमेन.