पिंपरीच्या ‘एचएएल’मध्ये विमाने बनत नव्हती

१/ ‘एचएएल’ ही तीन अक्षरे दिसली की अनेक इतिहासप्रेमी थेट लढाऊ विमान चिकटवतात, मग मजकूर पिंपरीचा का असेना. हा केवळ निष्काळजीपणा नव्हे. आद्याक्षरांनी इतिहास गिळल्याची ही खूण आहे.

२/ महाराष्ट्रात एचएएल दोन आहेत. एक विमानांची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला उभारलेली हिंदुस्थान एअरक्राफ्ट १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. तिचा कारखाना नाशिकजवळ ओझरला, मिग तिथले.
दुसरी पिंपरीची, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड. स्थापना १९५४. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिलेला हा सरकारी कारखाना १९५५ पासून पेनिसिलिन बनवू लागला.

३/ ‘संदर्भावरून अर्थ कळतोच की!’ असा बचाव केला जातो. ज्यांच्या घरचे कोणी तिथे पाळीला जात होते, त्यांना कळतो. इतरांसाठी ‘एच.ए.’ ही एक कॉलनी आहे, एक मैदान आहे. संदर्भ जाणणारी पिढी ओसरली की अक्षरे मुकी होतात.

४/ (पीसीएमसीचेही तेच. १९७० ची नगरपालिका इंग्रजीत ‘कौन्सिल’, १९८२ ची महानगरपालिका ‘कॉर्पोरेशन’. शेवटचा ‘सी’ दोघींनाही पुरतो. मधला बदल कोणाच्या लक्षातही येत नाही.)

५/ यात हरवते काय? या पट्ट्याची कहाणी आपण एमआयडीसी, स्कूटर आणि ट्रक यांपासून सुरू करतो. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची. त्याआधी सात वर्षे पिंपरीत पेनिसिलिन तयार होत होते! उद्योगनगरीच्या आरंभी यंत्रांच्या खडखडाटाइतकीच बुरशीची जोपासना आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

६/ आणि तिथे केवळ उत्पादन नव्हते, संशोधनही होते. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीजन्य रोगांवरचे ‘हॅमायसिन’ शोधले. त्या नावातील पहिली दोन इंग्रजी अक्षरे म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळते त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना. होय, आपल्याच पिंपरीवरून.

७/ तेव्हा मित्रहो, पिंपरीवर लिहिताना पहिल्या उल्लेखात नाव पूर्ण लिहा, सोबत वर्ष द्या. अक्षरे नंतर खुशाल वापरा. आणि ते विमानाचे छायाचित्र तेवढे काढून टाका.