कागद, कात्री आणि आत्मविश्वास

गेल्या दिवाळीत दवाखान्याच्या पत्त्यावर टपालाने एक शुभेच्छापत्र आले. हल्ली शुभेच्छा येतात त्या मोबाईलवर, त्यामुळे पाकीट पाहूनच नवल वाटले. आत जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पिवळा कागद मधोमध दुमडलेला होता आणि त्यावर लाल घोटीव कागदाची पणती चिकटवलेली होती. पणतीची एक बाजू दुसरीपेक्षा थोडी मोठी झाली होती. आतल्या पानावर 'दीपावलीच्या शुभेच्छा, डॉक्टर' एवढेच शब्द आणि खाली सही. अक्षर वाकडे, ओळ उतरती. तरीही ते पत्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. कारण ही सही करणाऱ्या बाईंवर त्याआधीच्या वर्षी अंगठा उठवण्याची वेळ आली होती.

या बाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तीसेक वर्षे त्यांनी मुलांना अक्षर गिरवायला शिकवले. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वेळेवर उपचार मिळाले, पाय बराचसा सुधारला, बोलणेही स्पष्ट झाले. पण उजव्या हाताची बोटे हुकमात येईनात. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा, तेव्हा सही जमेना म्हणून शाईचे पॅड पुढे आले. त्या दिवसानंतर बाई घराबाहेर पडेनाशा झाल्या. दवाखान्यात आल्या की एकच वाक्य : "आता माझ्याकडून काही होणं नाही हो, डॉक्टर."

मी काय केले? रक्तदाबाच्या गोळ्या तपासल्या, झोपेची चौकशी केली आणि रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम पुन्हा समजावून सांगितला. तो व्यायाम त्या करीत नव्हत्या आणि मी त्यांना दर वेळी रागावत होतो. त्या का करीत नाहीत हे विचारायचे मात्र मला सुचले नव्हते. पुढे त्यांनीच सांगितले, "शंभर वेळा दाबला तरी चेंडू तसाच राहतो. दिवसाच्या शेवटी हातात काय उरतं?"

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या नातीने दिले, तेही नकळत. तिसरीतल्या मुलीला शाळेत कार्यानुभवाच्या तासासाठी नववर्षाचे शुभेच्छापत्र करून न्यायचे होते. तिने आजीला कागद धरायला बसवले. आजीने डाव्या हाताने कागद धरला आणि उजव्या हाताचे बोट घडीवरून दाबत फिरवले. घडी तिरकी आली, पण आली. दुसऱ्या दिवशी आजीने स्वतःहून एक कागद घेतला. घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा होताच. आपल्याकडे पत्रिकेवर गणपती असतो म्हणून ती टाकवत नाही आणि ठेवून तरी काय करायचे, हेही कळत नाही. बाईंनी ते गणपती कापायला सुरुवात केली.

कागदकामाने अर्धांगवायू बरा झाला, असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांना औषधे चालू होती, भौतिकोपचार चालू होते. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, नंतर वेग मंदावतो. पण सराव चालू राहिला तर नंतरही थोडीफार भर पडू शकते. हा सराव चालू ठेवण्याचे काम कागदाने केले. चेंडूने जे साधले नाही ते कागदाने का साधले, याचा प्रत्येक घराने विचार करावा, म्हणून आजचा हा लेख.

पहिले कारण, हे काम एका बैठकीत पुरे होते. स्वेटर विणायला महिना लागतो, चित्रकला शिकायला वर्षे लागतात. साधे शुभेच्छापत्र अर्ध्या-पाऊण तासात तयार होते. आजारी, खचलेल्या माणसाला दूरचे ध्येय दिले की त्याचे मन आणखी खचते. 'हे मी पुरे केले' असे म्हणता येण्याजोगी लहानशी गोष्ट त्याला रोज हवी असते. आल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली हाच विचार शास्त्रीय भाषेत मांडला. आपल्याला एखादी गोष्ट जमेल हा विश्वास उपदेशाने येतो त्याहून अधिक स्वतः ती गोष्ट करून पाहिल्याने येतो, असे त्याच्या म्हणण्याचे सार आहे. आपण घरातल्या आजाऱ्याला 'धीर धरा' म्हणून दहा वेळा सांगतो. त्यापेक्षा त्याच्या हातात एक कागद द्यावा.

दुसरे कारण, यात हात, डोळे आणि मन एकाच जागी येतात. घडी घालताना कोपऱ्याला कोपरा जुळवावा लागतो, कात्री रेषेवर ठेवावी लागते. तेवढा वेळ तरी मनातले चक्र थांबते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना कागद, रंगीत पेने, माती आणि चिकटचित्राचे साहित्य देऊन ४५ मिनिटे हवे ते करू दिले. आधी व नंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल या ताणाशी संबंधित द्रव्याचे प्रमाण मोजले. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते कमी झाल्याचे आढळले. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना कलेचा पूर्वानुभव होता आणि ज्यांना नव्हता, त्यांच्यात या बाबतीत विशेष फरक दिसला नाही. अभ्यास लहान आहे, त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण 'मला कुठे कला येते?' असे म्हणून मागे सरणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शुभेच्छापत्र कोणाला तरी द्यायचे असते. दीर्घ आजारात माणूस सतत घेणारा होतो. पाणी दुसऱ्याने द्यायचे, औषध दुसऱ्याने आणायचे, आधारही दुसऱ्याचाच. आपण कोणाला काही देऊ शकतो, ही जाणीवच हरवते. बाईंनी पहिली दहा पत्रे केली ती जुन्या सहकारी शिक्षिकांसाठी. त्यांतल्या चार जणी भेटायला आल्या. माझ्या कोणत्याही गोळीने चार मैत्रिणी घरी आल्या नसत्या.

हाताला काम देऊन माणूस उभा करण्याची कल्पना वैद्यकशास्त्राला नवी नाही. तिला व्यवसायोपचार म्हणतात. मूळच्या अमेरिकन आणि लग्नानंतर इथल्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या शास्त्राचे शिक्षण देणारी शाळा सुरू केली. आशियातील ती पहिली मानली जाते. आपल्या जवळच्या मोठ्या रुग्णालयात व्यवसायोपचार तज्ज्ञ असतील, तर अर्धांगवायू, संधिवात किंवा हाताच्या दुखापतीनंतर त्यांचा सल्ला जरूर घ्यावा. कोणत्या बोटाला कोणते काम द्यायचे, हे ते नेमके सांगतात.

पुण्याचे डॉ. अनिल अवचट हे नाव वाचकांना परिचित आहे. ते वैद्यकीय पदवीधर, लेखक आणि १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे एक संस्थापक. २०२२ साली ते गेले. कागदाच्या घड्यांतून प्राणी-पक्षी उभे करणारी ओरिगामी हा त्यांचा आवडता छंद होता. गंभीर कामात आयुष्य घालवलेल्या माणसाला कागदाशी खेळण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

वयाचा प्रश्नही नाही. इंग्लंडमधील मेरी डेलनी या बाईंनी पतिनिधनानंतर काही वर्षांनी, १७७२ साली, म्हणजे वयाच्या ७२ व्या वर्षी, रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून फुलांची चित्रे करायला घेतली. पुढची दहा वर्षे, दृष्टी मंद होईपर्यंत, त्यांनी अशी सुमारे हजार चित्रे केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवली आहेत.

आता थोडे कडू बोलतो. या छंदाचे शत्रू बहुधा घरातच असतात. "कशाला हा कचरा? बाजारात वीस रुपयांत याहून चांगलं मिळतं," असे म्हणणारा मुलगा किंवा जावई प्रत्येक घरी असतो. बाजारात चांगले मिळते हे खरेच, पण ते आईने केलेले नसते. दुसरा प्रकार अति कौतुकाचा. दोन पत्रे बरी जमली की लगेच 'विका, ऑर्डरी घ्या' असा आग्रह सुरू होतो. ज्यांना तो व्यवसाय करायचा आहे त्यांनी खुशाल करावा. पण आजारातून उठणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पुन्हा हिशेब आणि मुदती कशाला?

मुलांच्या बाबतीत आपण उलटी चूक करतो. शाळेने हस्तकलेचे काम दिले की रात्री अकरा वाजता आई कापते, वडील चिकटवतात आणि मूल झोपलेले असते. नाहीतर सरळ दुकानातून तयार वस्तू आणली जाते. वहीत 'छान' असा शेरा मिळतो, पण मूल शिकते ते एवढेच, की माझ्या हाताने केलेले पुरेसे चांगले नसते. आई-वडिलांना आणि शिक्षकांनाही माझी विनंती आहे. मुलाचे वाकडे काम मुलाच्याच नावाने जाऊ द्या. वाकडी पणतीसुद्धा पणतीच असते.

पुरुष वाचकांना वाटेल, हे बायकांचे आणि मुलांचे काम. पण दिवाळीत बांबूच्या कामट्या बांधून, पतंगाचा कागद खळीने चिकटवून आकाशकंदील कोण करीत असे? गणपतीचे मखर कोण कापीत असे? गल्लीतली मोठी मुले आणि घरातले बापे माणूसच ना? निवृत्तीनंतर वर्तमानपत्र दोनदा वाचून झाल्यावर दुपार कशी घालवावी, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी हा हुन्नर पुन्हा हातात घ्यावा.

सुरुवात करण्यासाठी फारसे काही लागत नाही. जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरची पाने, मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे, घोटीव कागदाचे दोन-चार रंग, पट्टी, पेन्सिल, कात्री आणि साधा पांढरा डिंक पुरेसा आहे. गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ घरीच शिजवता येते. ती टिकावी म्हणून पूर्वी तिच्यात मोरचूद घालीत. मोरचूद विषारी आहे, घरात मुले असताना तो वापरू नये. खळ लागेल तेवढीच ताजी करावी. पहिल्या आठवड्यात फक्त घडी घालावी, दुसऱ्यात कापावे, मग चिकटवावे. शब्द लिहिण्याची घाई नको.

काही पथ्ये सांगतो. उजेड भरपूर हवा. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी तो डावीकडून घ्यावा. चाळिशी लागली असेल तर चष्मा लावूनच बसावे. कागद मांडीवर ठेवून मान वाकवू नये, टेबल किंवा पाट घ्यावा. वीस-पंचवीस मिनिटांनी उठावे, दूर पाहावे, खांदे सैल करावेत. संधिवाताने सांधे सुजलेले असतील त्या दिवशी कात्री बाजूला ठेवावी. मधुमेहामुळे बोटांना बधिरता असेल तर धारदार कटर वापरू नये. कापलेले लक्षात येत नाही आणि जखम चिघळते. उग्र वासाचे डिंक बंद खोलीत नकोत. घरात लहान मूल असेल तर मणी, टिकल्या झाकून ठेवाव्यात, ती तोंडात घालतात.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. छंद हा औषधाला पर्याय नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, झोप आणि भूक उडाली, कशातच रस वाटेना किंवा जगणे नको असे विचार येऊ लागले, तर ते नैराश्य असू शकते. अशा वेळी 'काहीतरी कर, मन रमव' असे सांगत बसू नये, डॉक्टरांकडे न्यावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तेथे मराठीतही बोलता येते. जीव देण्याचे विचार असतील तर त्या माणसाला एकटे सोडू नये.

बाईंची हकीकत पुरी करतो. दिवाळीनंतरच्या नोव्हेंबरात त्या पुन्हा बँकेत गेल्या आणि शाईचे पॅड बाजूला सारून त्यांनी पेन मागितले. सही केली, पण ती जुन्या नमुन्याशी जुळेना. कर्मचाऱ्याने तसे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "जुनी आता येणार नाही, नवीन नमुना घ्या." रीतसर अर्ज भरून त्यांनी नव्या सहीचा नमुना दिला. मला हे सांगताना त्या हसत होत्या आणि जाताना पिशवीतून माझ्या टेबलावर जुन्या लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा ठेवून गेल्या. "तुमच्याकडे असे पेशंट येत असतील, त्यांना द्या," म्हणाल्या. गठ्ठा दवाखान्यात ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी जरूर न्यावा.