उतार फुकट, चढ विकत

पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला गेलेला भाविक चिमाजी अप्पांनी वाहिलेली घंटा पाहतो, मागचा सरसगड न्याहाळतो आणि जेवून गाडीत बसतो. आपण वापरलेले पाणी पुढे कुठे गेले, हे त्याच्या मनातही येत नाही. येण्याचे कारणही नाही म्हणा! पण भुयारी गटारांचा विचार करताना नगरपंचायतीने विजेचे बिल आधी मांडून पाहावे, असे मला वाटते.

मुंबई समुद्रसपाटीला टेकलेली. तिथे मैलापाणी पंपाने उचलल्याखेरीज पुढे सरकत नाही. वरळीच्या लव्हग्रोव्ह उदंचन केंद्रातून ते सुमारे साडेतीन किलोमीटर समुद्रात ढकलावे लागते. पालीचे तसे नाही. सरसगडाच्या पायथ्यापासून अंबा नदीकडे जमीन आपणहून उतरते आणि उतार काही बिल पाठवत नाही. मात्र अंबेला पूर येतो. शुद्धीकरण केंद्र पूररेषेच्या वर हवे, म्हणजे शेवटचा थोडा चढ पंपाच्या माथी आलाच.

तो चढ दहा मीटर धरू. दहा लाख लिटर पाणी तेवढे उचलायला निदान सव्वासत्तावीस युनिट वीज लागते. याहून कमीत कोणताच पंप हे काम करणार नाही. पंप आणि मोटार मिळून 60 टक्के कार्यक्षम असतील तर 45 युनिटे, 40 टक्के असतील तर 68. फरक वर्षाला आठ हजार युनिटांच्या वर जातो.

पालीची खरी अडचण गर्दीची आहे. भाद्रपदात आणि माघात उत्सव, एरवी गाव शांत. उत्सवाच्या मापाने एकच मोठा पंप बसवला, तर तो उरलेले वर्ष विहीर काही मिनिटांत उपसून बंद पडणार, पुन्हा सुरू होणार. शिवाय तो पाणी नळातून नको तितक्या वेगाने रेटतो. वेग दुप्पट झाला की घर्षणाचा भार जवळजवळ चौपट होतो. लग्नाच्या पातेल्यात रोज दोघांचा चहा उकळावा, तसा हा प्रकार. रोजच्यासाठी लहान पंप आणि यात्रेपुरता जोडीला मोठा, हे शहाणपणाचे. नळही थोडा रुंद घ्यावा. पण इतकाही नको, की पाणी संथ होऊन गाळ साचेल.

पंपाचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण विक्रेते हमखास सुचवतात. घर्षणाचा वाटा मोठा असेल तिथे ते उपयोगी. नुसता चढच चढायचा असेल तिथे बचत फारशी होत नाही. त्यापेक्षा पंख्यात अडकलेल्या चिंध्या वेळेवर काढणारा माणूस नेमलेला बरा. आणि छपरांच्या पन्हळी गटाराला जोडू देऊ नयेत, नाहीतर कोकणातला सगळा पाऊस पैसे मोजून उचलावा लागेल.

हे सारे निविदा निघण्याआधी ठरते. निविदेत पंपाच्या किमतीशेजारी पंधरा वर्षांच्या विजेच्या खर्चाचा रकाना असावा, आणि केंद्रावर उचललेले पाणी मोजणारे मीटरही असावे.