अंदाजपत्रकात खेळाडू कुठे आहे?



कुंभिवलीच्या तरुणांनी जयंतीनिमित्त बीच व्हॉलीबॉलचे सामने भरवायचे ठरवले. इथे समुद्र नाही. मैदानात वाळू पसरून कोर्ट करायचे. खर्चाचा कागद तपासायला आमच्याकडे आला. करंडक, मंडप, लाऊडस्पीकर, पाहुण्यांचे हारतुरे, सगळे होते. खेळाडूंच्या नावाने मात्र एक पैसा नव्हता. "आपलीच पोरं, त्यांना काय लागतंय?" असे उत्तर मिळाले. रात्रपाळी करून थेट मैदानावर येणाऱ्या पोरांना खूप काही लागते, बाबांनो!

धर्माच्या नावाने भरणाऱ्या सामन्यांचा अनुभव दलित समाजाला जुना आहे. 1912 पासून मुंबईत हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन यांचे चौरंगी क्रिकेट सामने होत. हिंदू संघाची भिस्त चर्मकार समाजातल्या पालवणकर बाळूंच्या गोलंदाजीवर. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले होते. पण पुण्यात खेळताना याच बाळूंना चहा मिळे तो बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात! त्यांची गोलंदाजी हवी होती, माणूस नको होता. आपल्या सामन्यात तरी असे होऊ नये.

व्हॉलीबॉलचा जन्मही एका धर्मसंस्थेतच झाला. 1895 साली अमेरिकेत वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती संस्थेतील विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ काढला, कारण बास्केटबॉलची दगदग तिथल्या प्रौढ सभासदांना झेपत नव्हती. म्हणजे खेळणाऱ्याच्या जिवाची काळजी या खेळाच्या मुळातच आहे.

वाळूवर तर ती अधिकच हवी. 16 मीटर लांब, 8 मीटर रुंद कोर्ट दोघांनीच सांभाळायचे. पाय रुततो, दम लवकर लागतो, एप्रिलच्या दुपारी तळवे भाजतात. आपल्याच जिल्ह्यात खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने 14 माणसे दगावली. ती तर नुसती बसलेली होती!

म्हणून आम्ही कागदावर लिहून दिले: सामने सकाळी दहाच्या आत आणि सायंकाळी साडेचारनंतर. वाळू चाळून काचा-खडे काढावेत, वर पाणी शिंपावे. कोर्टालगत सावली आणि पिण्याचे पाणी असावे. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा छोटे सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ठेवावे. कोणी भोवळ येऊन पडला, बरळू लागला, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, लगेच 108 ला फोन करावा. मुलींना कपडे बदलायला आडोसा हवा. आणि जेवणाची पंगत एकच, हरलेल्यांचीही.

पैसे कुठून आणायचे? करंडक लहान घ्या, एक लाऊडस्पीकर कमी करा.

अतिसाराने पडलेल्या एका भिक्खूकडे सोबतचे भिक्खू फिरकत नव्हते. तेव्हा तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले, उचलून बिछान्यावर निजवले आणि एकमेकांची शुश्रूषा करण्याचे कर्तव्य भिक्खूंना समजावले. त्यांच्या नावाने सामने भरवणाऱ्यांनी याहून वेगळा धडा कुठे शोधायचा?

पोरांनी कागद परत नेला आहे. इतर गावांच्या जयंती कमिट्यांनीही आपापले कागद काढून पाहावेत. पहिली रक्कम खेळाडूच्या पाण्याची आणि सावलीची असावी, हारांची नंतर.

जयभीम!