समजून घ्या : सातबाऱ्याचा 'डिफ' कसा काढायचा? जुना आणि नवा उतारा जुळत नसेल तर...

पुण्यातल्या आयटी कंपन्यांत 'डिफ मारून बघ' हे वाक्य रोजचे आहे. एकाच फाइलच्या दोन आवृत्त्यांत नेमके काय बदलले ते बघ, एवढाच त्याचा अर्थ. काढलेल्या ओळीपुढे वजा, नव्या ओळीपुढे अधिक. बेल लॅब्जमध्ये तयार झालेली ही आज्ञा १९७४ पासून युनिक्स प्रणालीत आहे. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला मात्र ही कल्पना नवी नाही. सातबारा म्हणजे जमिनीची आजची आवृत्ती आणि तो कसकसा बदलत गेला, त्याची नोंद म्हणजे फेरफार, गाव नमुना ६.

घोळ झाला तो संगणकीकरणात. हस्तलिखित उतारे टाइप करताना कुठे वारसाचे नाव गळले, कुठे क्षेत्र चुकले. जुना उतारा म्हणजे स्कॅन केलेले चित्र, त्यामुळे प्रोग्रॅमला थेट तुलना करता येईना. ती तलाठ्यांना डोळ्यांनी करावी लागली. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तरीही काही चुका राहिल्याच.

या दोन तालुक्यांत प्रश्न जास्त नाजूक आहे. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाचही धरणे इथलीच. जुने आंबेगाव तर डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. संपादन, पुनर्वसन, वाटप, वारस अशी फेरफारांची साखळी इथे लांब असते. मधली एक कडी निसटली, तर बहिणीचा हिस्सा कागदावरून नाहीसा होतो किंवा पीककर्ज अडते.

मग तपासायचे कसे? तहसील कार्यालयातून जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल घ्या आणि नव्याशेजारी ठेवून ओळ-ओळ ताडा. २०२० मध्ये आलेल्या नमुन्यात कमी केलेली नावे आडव्या रेषेने खोडलेली दिसतात, शेवटचा फेरफार क्रमांक आणि तारीखही असते. (पीडीएफमधला मजकूर कॉपी करून संगणकावर डिफ काढायचा मोह टाळा. जोडाक्षरे तुटतात आणि प्रत्येक ओळ वेगळीच दिसते.)

जो फरक सापडेल, त्याचा फेरफार शोधा. सगळी मेख इथेच आहे. डिफ फक्त फरक दाखवतो, बरोबर कोण ते सांगत नाही. फरकामागे फेरफारच नसेल, तर ती बहुधा लेखनाची चूक. त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा, जुन्नरचा जुन्नरला, आंबेगावचा घोडेगावला. 'कोंडिबा'चा 'कोंडीबा' झाला असेल, तरी हाच रस्ता.

फेरफार आहे, पण तोच मान्य नसेल, तर १५५ चा उपयोग नाही. तिथे कलम २४७ खाली मंचरला प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावे लागते, मुदत ६० दिवस. नवी नोंद प्रमाणित होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. ही नोटीस गावच्या चावडीवर लागते, 'आपली चावडी' या संकेतस्थळावरही दिसते. गाव सोडून पुणे-मुंबईत राहणाऱ्या वारसांनी ती मोबाइलवर अधूनमधून पाहिली, तर अपिलापर्यंत जाण्याची वेळ कमी येईल.