सापळ्यातले पतंग मोजा

कापसावरच्या गुलाबी बोंडअळीची मादी रात्री एक गंध सोडते. माणसाच्या नाकाला तो कळतही नाही. पण त्याचे कण नराच्या मिशांना लागले की तो वारा कापत तिच्याकडे निघतो. १९५९ साली आडोल्फ बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाचा असा गंध ओळखला, तेव्हा सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या होत्या. बोंडअळीच्या गंधाची रचना १९७३मध्ये उलगडली. आज तो ल्युर नावाच्या छोट्याशा आमिषात भरून कामगंध सापळ्यासोबत विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतांत पोचतो. सापळा टांगला की काम झाले, असे मात्र सर्रास समजले जाते.

या सापळ्यात फक्त नर पडतात आणि उरलेला एकेक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे हेक्टरी पाच सापळ्यांनी अळी हटेल, असे शेतकऱ्याला कुणी सांगत असेल तर ती त्याची दिशाभूल आहे. ते पाच सापळे खबर देण्यासाठी असतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले, की उपाय करण्याची वेळ झाली. ही वेळ हातात फार थोडी असते. अंड्यातून निघालेली अळी लगेच फुलात, बोंडात शिरते, भोक बुजते आणि मग वरून कितीही औषध मारले तरी तिच्यापर्यंत जात नाही. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. त्या सगळ्या फवारण्या बोंडअळीसाठी नव्हत्या. पण कधी फवारायचे आणि कधी नाही, हे नेमके कळणे किती मोलाचे आहे, हे त्या मृत्यूंनंतर तरी वेगळे सांगायला नको.

ल्युरचा वास काही आठवड्यांत विरतो. ती बदलली नाही, तर रिकामा सापळा पाहून शेतकरी निर्धास्त राहतो आणि नेमका तिथेच फसतो. क्रॉपसॅप या राज्याच्या कीड-सर्वेक्षण प्रकल्पात निवडक शेतांचे निरीक्षण होते, ते चांगलेच आहे. पण अळीचा प्रश्न शिवाराचा आहे. एकाने डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचणीनंतरही उभे ठेवलेले कापसाचे पीक, ठेवली तर पुढच्या हंगामात शेजाऱ्याचेही बोंड किडते. अमेरिकेने २०१८मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून ही अळी संपल्याचे जाहीर केले. त्यामागे बीटी वाण होते, वांझ केलेले पतंग होते आणि नराची वाट चुकावी म्हणून शेतभर पसरलेला हाच गंधही होता. हे सगळे त्यांनी सलग, मोठ्या क्षेत्रावर केले. आपल्याकडे दोन-चार एकरांचे तुकडे आहेत, म्हणून गावाने एकत्र येण्याची गरज उलट अधिक आहे.

प्रत्येक कापूसगावात हंगामभर रोज सकाळी पतंग मोजणारा, ल्युर बदलणारा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आकडा लिहिणारा एक तरुण मानधनावर नेमावा. आणि कृषी विभागाने किती सापळे वाटले हे सांगताना, किती गावांतून रोजची मोजणी आली तेही दर आठवड्याला जाहीर करावे.